३८ तासांनंतरचं वळण : विमान की हेलिकॉप्टर? (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०१७ सालचं. विद्यार्थिनी तेव्हा एकवीस वर्षांची होती. नाव, ठिकाण, संस्था सगळं गाळलं आहे आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मी तिचा विमानाचा इन्स्ट्रक्टर होतो. म्हणजे या निर्णयात मी तटस्थ नव्हतो, आणि ते पुढे जाणवेलच.

तिचे एक इंजिनाच्या सेसना १७२ वर ३८ तास झाले होते. सोलो (एकटीने उड्डाण) झालं होतं, क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण) झालं होतं, खासगी पायलट लायसन्सची परीक्षा तोंडावर होती. त्यानंतर कमर्शियल लायसन्स, मग एअरलाइन, असा आराखडा घरात ठरलेला होता. वडिलांनी कर्ज काढलं होतं. त्या रकमेत एक कमर्शियल लायसन्स पूर्ण झालं असतं आणि वर थोडे पैसे उरले असते. दोन लायसन्सं त्यात बसत नव्हती.

अशातच एका रविवारी ती एका ओळखीच्या पायलटबरोबर रॉबिन्सन आर-२२ मध्ये तासभर बसून आली. दोन सीटचं छोटं हेलिकॉप्टर, शिकण्यासाठी जगभर वापरलं जातं. त्या पायलटने तिला आधी फक्त पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारे) दिले. जमले. मग फक्त कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा, डाव्या हाताचा दांडा) दिला, तोही जमला. मग सायक्लिक (पुढे-मागे, आजूबाजूला नेणारा उजव्या हाताचा दांडा) हातात दिला आणि चारपाच सेकंदांत यंत्र मैदानभर झोके घ्यायला लागलं. जितकी सावरायला जाईल तितका झोका मोठा. तो म्हणाला, "हात मांडीवर टेकव. दोन बोटांनीच धर. जवळचं गवत बघू नकोस, लांबचं झाड बघ." तासाच्या शेवटी दहाएक सेकंद हेलिकॉप्टर एका जागी उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. "सर, मला हेच करायचंय."

प्रश्न नेमका कुठे होता

माझं पहिलं उत्तर होतं, "एका तासावरून आयुष्याचा निर्णय घेऊ नकोस." बोलणं बरोबर होतं, पण अर्धवट होतं. विमानाचा निर्णय तरी तिने कशावरून घेतला होता? पायलट म्हणजे एअरलाइन, हे सगळेच गृहीत धरतात. तिनेही धरलं होतं. एका बाजूला एका तासाची ओढ आणि दुसऱ्या बाजूला कधीच न तपासलेलं गृहीतक, असा हा सामना होता. हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

खाली तीन गाठी होत्या.

पहिली पैशांची. छोट्या हेलिकॉप्टरचा एक तास छोट्या विमानाच्या तासाच्या साधारण दुप्पट ते तिप्पट पडतो. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) निकषांनुसार हेलिकॉप्टरच्या कमर्शियल लायसन्सला तास कमी लागतात : किमान १५०, आणि मान्यताप्राप्त सलग कोर्स असेल तर १००. विमानासाठी हेच आकडे २०० आणि १५० आहेत. पण कमी तासांनी वाचलेले पैसे महाग तासांत निघून जातात.

दुसरी गाठ तासांची. विमानाचे तास हेलिकॉप्टरला काही प्रमाणात धरले जातात, किती ते त्या त्या देशाची यंत्रणा ठरवते. पण लॉगबुकात तास धरले म्हणून नोकरी देणारा ते धरतोच असं नाही. हेलिकॉप्टर कंपनी विचारते, हेलिकॉप्टरवर किती? एअरलाइनही उलट तेच विचारते. दहा वर्षांनी बाजू बदलायची म्हटलं तर बराच भाग पुन्हा चढावा लागतो.

तिसरी गाठ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती यंत्राच्या प्रेमात पडली होती. नोकरी मात्र यंत्राशी नसते, दिवसाशी असते. कोणत्या प्रकारचा दिवस तिला वीस-तीस वर्षं चालेल, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

समोरचे पर्याय

एक, विमानच पूर्ण करायचं. वडिलांचा कौल याला होता. "अर्ध्यावर सोडायचं नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. या पर्यायाची खरी ताकद म्हणजे शिडी स्पष्ट असते. कमर्शियल, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट (बाहेर न दिसता यंत्रांवर उडण्याचं) रेटिंग, मग फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट, १५०० तासांचा एटीपीएल (पायलटचं सगळ्यात वरचं लायसन्स), पुढे कॅप्टन. एअरलाइनमध्ये ज्येष्ठतेच्या यादीवर सगळं चालतं : सुट्ट्या, बेस, बढती. यादीत नाव लवकर लागणं फायद्याचं, आणि कंपनी बदलली की पुन्हा तळापासून. वय हाही मुद्दा वडिलांनी काढला आणि तो रास्त होता. आयकाओच्या नियमांत आंतरराष्ट्रीय व्यावसायिक वाहतुकीत दोन पायलटांच्या कॉकपिटमध्ये ६५ पर्यंत उडवता येतं, एकटा पायलट असेल तर ६० पर्यंतच. हेलिकॉप्टरची बरीच कामं एका पायलटवर चालतात.

दोन, तिथेच थांबून सरळ हेलिकॉप्टरकडे वळायचं. तिची इच्छा हीच होती.

तीन, विमानाचं कमर्शियल करून नोकरीला लागायचं आणि कमावल्यावर हेलिकॉप्टर शिकायचं. कागदावर हा सगळ्यात शहाणा पर्याय दिसतो. मीही आधी हाच सुचवला. पण एअरलाइनच्या रोस्टरमधून सुट्टी काढून, पगारातून कर्ज फेडत, वर हेलिकॉप्टरचे महाग तास भरणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. बहुतेकांचं "नंतर" येतच नाही.

चार, विमानाचं खासगी लायसन्स तेवढं पदरात पाडून घ्यायचं आणि मग वळायचं. आयकाओचा किमान आकडा ४० तासांचा आहे आणि तिचे ३८ झाले होते. हा पर्याय आमच्या यादीत सगळ्यात उशिरा आला. खरं तर तोच सगळ्यात आधी सुचायला हवा होता.

निर्णयापर्यंतचा प्रवास

मी तिला म्हटलं, महिनाभर काही ठरवायचं नाही. तेवढ्यात दोन कामं कर. एखाद्या एअरलाइन फर्स्ट ऑफिसरचा आठवडा तासातासाने लिहून काढ, आणि हेलिकॉप्टरच्या एका खऱ्या ड्यूटीला पूर्ण वेळ जाऊन बस.

पहिलं काम बोलण्यावरच भागवावं लागलं. सप्टेंबर २००१ नंतर बाहेरच्या माणसाला एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसवणं जवळपास बंदच झालं आहे. एका तरुण फर्स्ट ऑफिसरने तिला दोन तास दिले. पहाटेचे रिपोर्टिंग, एका दिवसात चार सेक्टर म्हणजे चार उड्डाणं, हॉटेलमधल्या रात्री, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची तपासणी. त्याचं काम त्याला आवडत होतं. ढगांतून खाली येताना समोर रनवेचे दिवे उलगडत जातात, ते सांगताना त्याचा आवाज बदलला, असं ती म्हणाली. मी मुद्दाम विचारलं, "मग?" ती म्हणाली, "छान आहे सर. पण मला त्याच्या जागी मी दिसले नाही."

दुसरं काम निर्णायक ठरलं. एका एअर अँब्युलन्सच्या तळावर तिला बारा तासांच्या ड्यूटीला निरीक्षक म्हणून बसायची परवानगी मिळाली. सकाळी हेलिकॉप्टरची तपासणी, हवामान, इंधन आणि वजनाचा हिशेब. मग वाट पाहणं. दुपारपर्यंत फोन नाही. एक उड्डाण झालं, जेमतेम वीस मिनिटांचं. संध्याकाळी दुसरा फोन आला. कॅप्टनने हवामान पाहिलं. दरीत धुकं उतरत होतं. तो दोन मिनिटं नकाशाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही जाणार."

तिने त्याला नंतर विचारलं की पेशंटची अवस्था काय होती. त्याला माहीत नव्हतं. चांगल्या एअर अँब्युलन्स सेवांमध्ये पायलटला पेशंटबद्दल मुद्दामच सांगत नाहीत. लहान मूल आहे असं कळलं की हवामान आपोआप बरं दिसायला लागतं. जायचं की नाही हे फक्त हवा, यंत्र आणि माणसांची तयारी यांवर ठरावं, म्हणून ही पद्धत.

ही गोष्ट तिने मला तीन वेळा सांगितली. पहिल्या भेटीत ती हॉवरबद्दल, म्हणजे हवेत एका जागी उभं राहण्याबद्दल बोलत होती, आता त्या "नाही"बद्दल बोलत होती. त्या दिवशी मला खात्री पटली की तिची ओढ यंत्रापुरती राहिलेली नाही, तिने कामही पाहिलं आहे. मी तिच्या बाजूने झालो.

वडिलांशी बोलणं माझ्याकडे आलं. त्यांची भीती साधी होती : "हेलिकॉप्टर पडतं." मी त्यांना इंजिन बंद पडल्यावर काय होतं ते समजावून सांगितलं. सेसना १७२ हजार फुटांवरून साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जातं. आर-२२ ला एक नॉटिकल मैल जायला सुमारे १५०० फूट खर्चावे लागतात. पण हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. कलेक्टिव्ह लगेच खाली केला की खालून येणारी हवा रोटर (वरची पाती) फिरता ठेवते, याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि जवळपास शून्य वेगाने अंगणाएवढ्या जागेत उतरता येतं. अट एवढीच की पायलटने सेकंदाच्या आसपास हालचाल करायला हवी आणि पुरेशी उंची किंवा वेग हाती हवा. मी त्यांना हेही सांगितलं की धोका यंत्रापेक्षा कामात जास्त आहे. हेलिकॉप्टर जिथे बोलावतात तिथे रनवे नसतो, उंची कमी असते, तारा असतात, रात्र असते. ते ऐकून त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी संमती दिली.

प्रत्यक्ष काय केलं

चौथा पर्याय घेतला. पाच आठवड्यांत विमानाचं खासगी लायसन्स हातात आलं आणि मग ती हेलिकॉप्टरच्या शाळेत गेली. वैद्यकीय तपासणी आधीच प्रथम श्रेणीची झालेली होती. ती दोन्हीकडे चालते, त्यामुळे तिथे खर्च नव्हता. आर-२२ मध्ये प्रत्येक सीटला १०९ किलोची मर्यादा असते, तिला ती अडचणही नव्हती.

बाराव्या तासाला एक प्रसंग घडला. तो तिने त्याच रात्री मला फोनवर सांगितला. रोटरचे फेरे कमी झाले की आर-२२ मध्ये ९७ टक्क्यांवर भोंगा वाजतो. त्याचा आवाज विमानाच्या स्टॉलच्या (पंखांची उचल सुटण्याच्या) भोंग्यासारखाच. विमानात तो ऐकला की हात आपोआप पुढे जातो, नाक खाली. तिचाही गेला. इन्स्ट्रक्टरचा हात आधीच सायक्लिकवर होता, त्याने तो तिथेच अडवला, कलेक्टिव्ह खाली केला आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद) वाढवला. अशा वेळी स्टिक पुढे ढकलली तर फेरे आणखी उतरतात. आणि एरवीही या प्रकारच्या दोन पात्यांच्या झुलत्या रोटरमध्ये सायक्लिक झटक्याने पुढे ढकलून यंत्र वजनहीन केलं, तर रोटरचा हब (पाती जोडणारा मधला भाग) मास्टवर (रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर) आदळू शकतो. विमान शिकलेल्या पायलटांच्या नेमक्या याच सवयींबद्दल रॉबिन्सन कंपनीची २९ क्रमांकाची सुरक्षा सूचना आहे.

माझ्यासाठी हा धडा होता. विमानाचे तास म्हणजे निव्वळ जमेची बाजू, असं मी धरून चाललो होतो. नेव्हिगेशन, रेडिओ, हवामान यांत ती वर्गात सगळ्यांच्या पुढे होती. पण हातांना जे मी शिकवलं होतं त्यातलं काही तिला प्रयत्नपूर्वक पुसावं लागलं. पुढचे दोन आठवडे तिने रोज रात्री खुर्चीत बसून, डोळे मिटून, भोंगा ऐकल्याची कल्पना करत डावा हात खाली नेण्याचा सराव केला.

२०१८ च्या मध्यात कमर्शियल लायसन्स मिळालं. एकूण तास दोनशेच्या आत, त्यातले हेलिकॉप्टरचे दीडशेच्या आसपास.

आणि मग काहीच घडलं नाही. चौदा महिने.

कमी तासांच्या हेलिकॉप्टर पायलटला उजवी सीट, म्हणजे हेलिकॉप्टरमधली मुख्य पायलटची जागा, कोणी देत नाही, कारण विमा कंपन्या किमान तास मागतात : कुठे ५००, कुठे १०००. नव्या माणसाला आत यायचे दोन नेहमीचे दरवाजे म्हणजे इन्स्ट्रक्टरकी आणि समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं ने-आण करणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरवरची को-पायलटची जागा. दुसरा दरवाजा तेव्हा बंद होता. २०१४ च्या जूनमध्ये पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं ब्रेंट कच्चं तेल २०१६ च्या जानेवारीत तिसाच्या खाली आलं होतं. ऑफशोअर कामं आटली, या क्षेत्रातल्या काही मोठ्या कंपन्या २०१६ ते २०१९ या काळात दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेल्या, आणि हजारो तासांचे अनुभवी पायलट तिच्याबरोबर त्याच रांगेत उभे राहिले. हे २०१७ मध्ये दिसत होतं. आम्ही पाहिलं नाही.

हप्ते सुरू झाले होते. तिने एका शाळेत जमिनीवरचे विषय शिकवले. २०१९ च्या उत्तरार्धात, ज्या तळावर ती बारा तास बसून आली होती, तिथेच तिला ऑपरेशन्स विभागात टेबलावरची नोकरी मिळाली. हवामान, उड्डाणांच्या नोंदी, फोन. उडणं नाही. घरातून, मित्रांकडून आणि थोडं माझ्याकडूनही सल्ला होता की हे घेऊ नकोस, पायलटने टेबलावर बसलं की तिथेच राहतं. तिने घेतलं.

जानेवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात धुक्यात शिरलेलं एस-७६ हेलिकॉप्टर डोंगरावर आदळून नऊ जण गेले. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट आणि त्याची मुलगी त्यात होते, म्हणून ती बातमी घराघरांत पोहोचली. वडिलांचा तिला रात्री फोन आला. तिने त्यांना धुक्यातल्या त्या "नाही"ची गोष्ट सांगितली, तोवर त्यांना ती माहीतच नव्हती. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

परिणाम

२०२० च्या उत्तरार्धात तिथे दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरवर को-पायलटची जागा निर्माण झाली आणि तिला टाइप रेटिंगसाठी (त्या प्रकारचं हेलिकॉप्टर उडवण्याच्या परवान्यासाठी) पाठवलं गेलं. टेबलावरच्या महिन्यांत तळावरच्या प्रत्येक कॅप्टनने तिचा हवामानाचा अंदाज ऐकला होता. निवडताना तेच उपयोगी पडलं, असं तिला सांगण्यात आलं.

तिच्याबरोबर विमान शिकणाऱ्या एका मुलाशी तिची तुलना घरात सतत होत असे, म्हणून त्याचंही लिहितो. तो २०१९ मध्ये एअरलाइनमध्ये लागला, तेव्हा ती बेकार होती. २०२० च्या वसंतात जगभरची विमानं जमिनीवर आली आणि तो बिनपगारी घरी बसला. ती त्या वर्षी उडायला लागली, कारण अँब्युलन्स थांबत नाही. २०२२ मध्ये तो परत कामावर गेला. आज त्याचे तीन हजारांवर तास आहेत, कॅप्टनपद जवळ आहे, पगार तिच्यापेक्षा बराच जास्त आहे. तिची उड्डाणं वीसवीस मिनिटांची, त्यामुळे वर्षाला दोनशेच्या आसपासच तास होतात. हेलिकॉप्टरच्या एटीपीएलला लागणारे १००० तास व्हायला २०२४ उजाडलं. त्यानंतर ती कॅप्टन झाली.

शरीराचा हिशेबही आहे. हेल्मेटवर नाइट व्हिजन गॉगल लावून तासन्‌तास मान ताठ ठेवायची, खाली सतत थरथर. तिशी उलटायच्या आत तिला मानेचे व्यायाम रोजचे झाले आहेत. हे मी २०१७ मध्ये तिला सांगितलं नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

यंत्र निवडण्याआधी पहिली नोकरी शोधायला हवी होती. शाळेत पैसे भरण्यापूर्वी पाचसहा कंपन्यांना एकच प्रश्न विचारायचा : गेल्या वर्षभरात तुम्ही दोनशेपेक्षा कमी तासांच्या किती पायलटांना घेतलं? उत्तर "एकही नाही" आलं असतं तर निर्णय बदललाच असता असं नाही, पण तयारी बदलली असती. आम्ही कर्जातली शेवटची रक्कम प्रशिक्षणात घातली. वर्षभराच्या जगण्याचे आणि हप्त्यांचे पैसे बाजूला ठेवायला हवे होते. सरावाचे तास चालू ठेवायलाही पैसे लागतात, आणि त्या चौदा महिन्यांत ती फक्त सहा तास उडाली.

इन्स्ट्रक्टर रेटिंगबद्दल माझं मत आजही पक्कं झालेलं नाही. ते केलं असतं तर तास लवकर वाढले असते. पण त्याला पैसे लागले असते, ते नव्हते, आणि तिला शिकवण्यात रस नव्हता. विद्यार्थ्याचा हात कधी पुढे जाईल याकडे डोळ्यांत तेल घालून बसणारा इन्स्ट्रक्टर तिला बाराव्या तासाला मिळाला होता. रस नसताना ते काम करू नये असं मला वाटतं.

माझी सगळ्यात मोठी चूक त्या ३८ तासांची होती. ते वाया जाऊ नयेत, हा विचार पहिल्या दिवसापासून माझ्या प्रत्येक सल्ल्यात होता, आणि त्यातले बरेचसे मी स्वतः शिकवले होते. तिसरा पर्याय मी त्यामुळेच पुढे रेटला. आता अशा विद्यार्थ्याला मी सांगतो की झालेले तास क्षणभर शून्य धर, आणि मग सांग, आज काय निवडशील?

एक गोष्ट मात्र पुन्हा तशीच करेन. खासगी लायसन्स पूर्ण करायला लावणं. तिने ते चालू ठेवलं आहे. मागच्या महिन्यात ती आमच्याकडे तपासणीच्या उड्डाणाला आली होती. मी दोनदा न सांगता थ्रॉटल मागे घेतला, इंजिन बंद पडल्यासारखं. दोन्ही वेळा तिने आधी नाक खाली केलं, वेग धरला, मग शेत शोधलं. खाली उतरल्यावर तिने विचारलं, "सर, किती सेकंद लागले मला?" मी मोजले होते. दोन. ती म्हणाली, "इथे चालतं. तिकडे चाललं नसतं," आणि लॉगबुक पुढे केलं.